आधी अक्षरे, मग बोधचिन्ह

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत दरवर्षी तंत्रज्ञानावरच्या राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय परिषदा भरतात. त्यांची माहितीपत्रके शेजारी-शेजारी ठेवली तर कोणते कोणाचे हे सांगणे अवघड जाते. गर्द निळी पार्श्वभूमी, तिच्यावर चमकत्या ठिपक्यांचे जाळे, मध्ये सर्किटच्या रेषांनी भरलेला मेंदू नाहीतर पांढरा यंत्रमानव. वरच्या कडेला संस्था, विद्यापीठ आणि प्रायोजक यांच्या बोधचिन्हांची रांग. मधोमध पाच-सहा रोमन अक्षरांचे लघुनाम, आणि त्यातली पहिली दोन अक्षरे बहुतेक वेळा ‘इंटरनॅशनल कॉन्फरन्स’ याच शब्दांची. विषय शेतातल्या संवेदकांचा असो, भारतीय भाषांच्या संगणकीय प्रक्रियेचा असो की विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटरीचा, चित्र बदलत नाही. माझ्या मते याचे कारण कामाच्या क्रमात आहे. परिषदेची दृश्य-ओळख ठरवताना आपण आधी बोधचिन्ह करतो, मग फ्लेक्स, आणि उरलेल्या वेळात बाकी सगळे. आधी ठरायला हवीत ती अक्षरे. माणसांची नावे, वेळापत्रक, खोल्यांकडे नेणारे फलक, शोधनिबंधाचे पान हे सारे कसे वाचले जाणार, याचा निर्णय पहिला. बोधचिन्ह त्या निर्णयांतून शेवटी निघावे. आणि परिषद महाराष्ट्रात भरत असेल, तर या अक्षरांत देवनागरीची जागा पहिल्या दिवसापासून धरलेली असावी.

परिषदेत प्रत्यक्ष काय घडते ते पाहिले की हा क्रम पटतो. दोन-तीन दिवसांसाठी काही शे माणसे एकत्र येतात आणि त्यांतली बहुतेक एकमेकांना चेहऱ्याने ओळखत नाहीत. ज्यांचे निबंध वाचून आपण संशोधनाकडे वळलो, ते प्राध्यापक चहाच्या रांगेत शेजारी उभे असतात आणि विद्यार्थ्याला ते कळत नाही. हे कळवण्यासाठीच गळ्यात ओळखपत्र अडकवलेले असते. पण त्या ओळखपत्रावर वरचा अर्धा भाग परिषदेच्या नावाने आणि बोधचिन्हांनी भरलेला असतो, खाली प्रायोजकांची पट्टी असते आणि मधल्या चिंचोळ्या जागेत ‘प्रा. डॉ.’ या उपाध्यांमागे माणसाचे नाव बारीक टंकात दडलेले असते. परिषदेचे नाव तिथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ठाऊक नसते ते समोरच्या माणसाचे. दोन-तीन पावलांवरून वाचता येईल इतके मोठे नाव, त्याखाली संस्था आणि गाव, आणि दोरी फिरली तरी कोरी बाजू समोर येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना तोच मजकूर, एवढे केले तरी लहान गावातून पहिल्यांदाच निबंध वाचायला आलेल्या विद्यार्थिनीचे अर्धे अवघडलेपण कमी होते. तिच्यासाठी ही ओळख कोणत्याही बोधचिन्हापेक्षा मोलाची आहे.

हीच गोष्ट फलकांची, सादरीकरणाच्या साच्याची आणि वेळापत्रकाची. कार्यक्रमपत्रिकेत ‘सत्र ४ ब’ असते, दारावर देणगीदाराच्या नावाचे सभागृह असते आणि इमारतीच्या नकाशावर खोलीला तिसराच क्रमांक असतो. नवख्या माणसाने तिन्हींचा मेळ स्वतः घालायचा. स्लाइडच्या साच्यात खालची जाड पट्टी बोधचिन्हांना दिलेली असते, म्हणून वक्त्याचा आलेख लहान होतो आणि मागच्या रांगेतल्यांना त्यावरचे आकडे दिसत नाहीत. पडदे नीट न लागणाऱ्या सभागृहात गडद निळ्यावरची बारीक फिकट अक्षरे प्रोजेक्टरवर विरून जातात. संगणकाच्या पडद्यावर झळकणारा तो निळा रंग छपाईत तसा उतरत नाही, मळका किंवा जांभळट होतो. कोणताही जुना मुद्रक हे आधीच सांगेल, पण त्याला विचारायला कोणी जात नाही. छायाचित्र नको असलेल्यांना वेगळ्या रंगाची दोरी देण्याची चांगली प्रथा अनेक परिषदांत रुळली आहे. तिच्यातही रंगासोबत एखादी खूण किंवा शब्द हवा, कारण लाल आणि हिरव्यात फरक न दिसणारी माणसे प्रत्येक मोठ्या सभागृहात असतात. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे जगभर मानले जाणारे निकष साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका उजळपणाचा फरक मागतात. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ पासून आहे. सुगम्यतेवर निबंध स्वीकारणाऱ्या परिषदेचे स्वतःचे माहितीपत्रक या कसोटीवर टिकत नसेल, तर उणीव त्या परिषदेच्या विद्याव्यवहारातच आहे असे मी मानतो.

केवळ चिन्हाच्या कल्पकतेवर ओळख किती काळ तग धरते, याचे एक बोलके उदाहरण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबचे. २०११ मध्ये रिचर्ड द आणि इ रून कांग या डिझायनरांनी लॅबसाठी एक गणिती रीत तयार केली. तीन प्रकाशझोतांसारखे आकार वेगवेगळ्या ठिकाणी आणि बारा रंगसंगतींत मांडून त्या रीतीतून चाळीस हजार बोधचिन्हे निघू शकत होती, म्हणजे प्रत्येक माणसाला स्वतःचे. कल्पना तेजस्वी होती आणि जगभरच्या डिझाइनविश्वात तिचे कौतुक झाले. तरीही २०१४ मध्ये लॅबने पेंटाग्राम या संस्थेकडून ओळख नव्याने रचून घेतली. मायकेल बियरुट यांच्या चमूने सात बाय सातची साधी चौकट घेतली, तिच्यातून लॅबची आद्याक्षरे आणि तेवीस संशोधनगटांची प्रत्येकी एक खूण काढली, आणि सगळ्यांसाठी एकच अक्षरव्यवस्था ठेवली. मला यात दिसते ते असे: चाळीस हजार रूपांच्या चिन्हात प्रत्येक व्यक्ती वेगळी दिसत होती, पण कोणता गट कोणता आणि त्यांचे आपसातले नाते काय, हे बाहेरच्याला सांगण्याचे काम चौकट आणि अक्षरे यांनी अधिक चांगले केले. तंत्रज्ञानाची परिषद ही अशीच अनेक गटांची, अनेक सत्रांची, कार्यशाळांची जुळणी असते. तिला चिन्हाआधी चौकट लागते.

मोठ्या समारंभांच्या इतिहासातही हेच दिसते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे दृश्य-काम ओटल आयशर यांच्याकडे होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची सावली पुसायची म्हणून त्यांनी राष्ट्रवादी थाटाचे लाल आणि सोनेरी बाजूला ठेवले, आकाशी निळा, हिरवा, नारिंगी अशी रंगांची मर्यादित पट्टी घेतली आणि ‘युनिव्हर्स’ हा एकच टंक सगळीकडे वापरला. खेळांची चित्रचिन्हे त्यांनी एकाच जाळीवर, ठरावीक कोनांत बेतली. त्या स्पर्धेचे मुख्य बोधचिन्ह एका किरणांच्या चक्राचे होते. आज डिझाइनच्या वर्गांत अभ्यासली जातात ती मात्र प्रामुख्याने चित्रचिन्हे, रंग आणि त्यांचे नियम. इतका पैसा आणि इतकी माणसे महाविद्यालयाकडे नसतात हे उघड आहे. पण रंग कमी, टंक एक, जाळी एक, हे निर्णय घ्यायला पैसा लागत नाही.

याचा अर्थ ओळख कोरडी असावी असा मुळीच नाही. डोनाल्ड नूथ यांनी पुस्तकांच्या गणिती जुळणीसाठी ‘टेक’ ही प्रणाली रचली. ती वापरणाऱ्यांची संघटना १९८० पासून आहे आणि तिची वार्षिक संमेलने जगभर भरतात. भारतात ती २००२ आणि २०११ मध्ये तिरुअनंतपुरमला भरली. नूथ यांच्या ‘टेकबुक’मध्ये ड्युएन बिबी या चित्रकाराने एक सिंह काढला होता. पुढे तोच सिंह संघटनेचा चेहरा झाला. अनेक संमेलनांसाठी बिबी यांनी त्याला यजमान गावाशी नाते सांगणाऱ्या वेशात आणि प्रसंगात दाखवले. हाताने काढलेला, थोडा खट्याळ, कोणत्याही साठवणीतल्या चित्राशी न जुळणारा हा प्राणी संगणकतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे प्रेमाने सांभाळला. तो टिकला याचे कारण तो त्यांच्याच पुस्तकातून आला होता आणि त्यांच्याच विषयाचा होता. त्याच्या मागे अक्षरजुळणीची अशी शिस्त होती की चित्र नसले तरी त्या मंडळींचे छापील पान लांबून ओळखू यावे. शिस्त आणि जिव्हाळा यांत निवड करावी लागत नाही. शिस्त आधी आली की जिव्हाळ्याला हक्काची जागा मिळते.

आपल्याकडे चित्रे कुठून येतात? एक वाट परदेशी चित्रसंग्रहांची. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या यंत्रमानवांच्या आणि चमकत्या मेंदूंच्या चित्रांविरुद्ध २०२१ मध्ये ‘बेटर इमेजेस ऑफ एआय’ नावाचा उपक्रम सुरू झाला. ही चित्रे दिशाभूल करतात, असे त्यामागच्या संशोधकांचे आणि चित्रकारांचे म्हणणे आहे. यंत्राला माणसासारखे मन आहे असा भास त्यांतून होतो. विदा गोळा करणारी, तिच्यावर खुणा करणारी, यंत्रांना वीज आणि पाणी पुरवणारी खरी माणसे आणि खरी ठिकाणे चित्रातून गायब होतात. सामान्य वृत्तपत्राने वेळेअभावी असे चित्र लावले तर एक वेळ समजू शकते. त्याच विषयावर तीन दिवस चर्चा करणाऱ्या विद्वानांनी आपल्या दाराशी ते टांगावे, हे मात्र त्यांच्या ज्ञानाशी विसंगत आहे. दुसरी वाट ‘स्थानिक स्पर्शा’ची. सर्किटच्या शेजारी वारली आकृत्यांची किनार लावली की परिषद महाराष्ट्राची झाली, अशी समजूत आहे. वारली चित्रकला डहाणू-पालघर भागातल्या आदिवासी समाजाची आहे. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांनी तिला जगापुढे नेले आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे. परिषदेचा विषय त्या समाजाच्या जगण्याशी किंवा कलेशी जोडलेला असेल, त्या चित्रकारांना काम आणि मोबदला मिळत असेल, तर ती किनार शोभेल. एरवी ती उसनी घेतलेली नक्षी आहे. स्थळाचे नाते सांगायचे तर विषयातच शोधावे. पाण्याच्या व्यवस्थापनावरच्या परिषदेला त्या खोऱ्याचा नकाशा आहे, भाषातंत्रज्ञानाच्या परिषदेला लिपी आहे, ध्वनिशास्त्राच्या परिषदेला त्या शहरातल्या एखाद्या जुन्या सभागृहाचा आलेख आहे.

लिपीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या बाबतीत महाराष्ट्राजवळ असलेले भांडवल थोड्याच प्रदेशांजवळ आहे. आयआयटी मुंबईत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. तिथे शिकवणारे र. कृ. जोशी यांनी सुलेखन आणि संगणक यांची सांगड घातली. विंडोजसोबत घरोघर पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्याच हातचा. २००८ पासून त्याच केंद्राच्या पुढाकाराने ‘टायपोग्राफी डे’ ही अक्षरांवरची परिषद सुरू झाली आणि पुढे ती इतर शहरांतही गेली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या समूहाने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक कोणालाही विनाशुल्क वापरता येतील अशा परवान्याने दिले. आयआयटी मुंबईच्याच विज्ञान आणि वारसा प्रकल्पातून अभ्यासकांसाठी ‘शोभिका’ आला. खास मराठी वळणाचा ‘तिरो देवनागरी मराठी’ही असाच मोफत मिळतो. एवढे सगळे हाताशी असताना तंत्रज्ञानाच्या परिषदेच्या फलकावर मराठी दिसते ती बहुधा उद्घाटनाच्या दिवशी, पाहुण्यांच्या स्वागताच्या एका ओळीत, आणि तीही मोडलेली.

ती मोडते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व टंकात लिहिलेला असतो; तो टंक नसलेल्या संगणकावर त्याची निरर्थक चिन्हे होतात. चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची वेगळी मांडणी निवडायची राहून जाते, मग पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय सुटे पडतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र चुकीच्या रूपात येतो. राज्य शासनाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवला आहे, पण टंक हिंदीच्या वळणाचा असेल आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली नसेल, तर ही रूपे येत नाहीत. रोमन अक्षरांसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात देवनागरी कोंबली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांत अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. रोमनमध्ये ठळकपणासाठी मोठी लिपी असते. देवनागरीत ती नाही, म्हणून महत्त्व दाखवायला वजन, आकार आणि जागा यांचा वेगळा विचार करावा लागतो. यातली एकही अडचण शेवटच्या रात्री सुटत नाही. मांडणीची जाळी आखतानाच दोन्ही लिप्या समोर असतील, तर मात्र यातली एकही अडचण उरत नाही.

रुपयाच्या चिन्हाचा इतिहास इथे आठवण्यासारखा आहे. डी. उदय कुमार यांनी आयआयटी मुंबईत संशोधन करत असताना देवनागरी र आणि रोमन आर यांच्या मेळातून ते रचले, आणि जुलै २०१० मध्ये सरकारने ते स्वीकारले. जाहीर झाले त्या दिवशी ते फक्त एक चित्र होते. ते लिहायचे तर टंकातल्या दुसऱ्याच एखाद्या खुणेच्या जागी बसवावे लागत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडने त्याला स्वतःचा संकेतांक दिला, मग टंकांत आणि कळफलकांवर ते आले, आणि तेव्हा कुठे किराणा दुकानाच्या पावतीपासून अर्थसंकल्पापर्यंत ते वावरू लागले. चिन्हाची रचना देखणी होतीच, पण ते आपले झाले ते अक्षरांच्या व्यवस्थेत शिरल्यावर. परिषदांच्या बोधचिन्हांना ही कसोटी लावून पाहावी. ते साध्या मजकुराशेजारी, बारीक आकारात, एका रंगात, ओळखपत्रावर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चालते का?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. निबंध इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत, श्रोते तमिळनाडूपासून आसामपर्यंतचे आणि काही परदेशी; मग देवनागरी कोणासाठी? निबंध मराठीत लिहा असे माझे म्हणणे नाही. पण परिषद फक्त निबंध वाचणाऱ्यांची नसते. फाटकावरचा सुरक्षारक्षक, पाहुण्यांना स्थानकावरून आणणारा चालक, उपाहारगृहातल्या मावशी, बातमी करायला आलेला स्थानिक वार्ताहर, मुलीचा निबंध ऐकायला आलेले आईवडील, या सगळ्यांना ती वाचावी लागते. शिवाय आता तंत्रशिक्षण मराठीतून घेणारी मुलेही आहेत. पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२१ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला सुरुवात झाली. आपल्या विषयाच्या परिषदेत आपली लिपी कुठेच नाही, हे पाहून या मुलांनी काय समजायचे? दोन-तीन लिप्यांमुळे गोंधळ होतो ही भीतीही अनुभवाला धरून नाही. महाराष्ट्रातल्या रेल्वे स्थानकांवर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी नावे वर्षानुवर्षे एकत्र नांदत आहेत, आणि धावत्या गाडीतूनही ती वाचता येतात. प्रत्येक भाषेला ठरलेली जागा, पुरेसा आकार आणि भोवती मोकळीक आहे म्हणून हे जमते.

दुसरा आक्षेप पैशाचा. त्यात तथ्य आहे, पण खर्च कुठे होतो हेही पाहावे. मोठमोठे फ्लेक्स, प्रत्येक पाहुण्याला शाल, स्मृतिचिन्ह आणि पुष्पगुच्छ, जाड कागदाची स्मरणिका यांवर होणाऱ्या खर्चाच्या एका भागात डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा तरुण व्यावसायिकाला दोन-तीन महिन्यांचे रीतसर मानधन देता येते. त्याऐवजी आपल्याकडे बोधचिन्ह स्पर्धा घेण्याची पद्धत आहे. अनेक मुले रात्री जागून काम करतात, एकाला प्रमाणपत्र आणि किरकोळ बक्षीस मिळते, बाकीच्यांचे श्रम वाया जातात. हे अन्यायाचे तर आहेच, पण त्यातून हाती काय लागते तेही पाहा: एक चित्र. ओळखपत्र, फलक, स्लाइड, कार्यक्रमपत्रिका यांचे प्रश्न होते तिथेच राहतात, कारण स्पर्धेत ते विचारलेलेच नसतात. बोधचिन्हांच्या रांगेबाबतही संयोजक सांगतात की प्रायोजकांना नाही म्हणता येत नाही. नाही म्हणायची गरजच नाही. सगळी चिन्हे एका ठरलेल्या फलकावर, एका उंचीने, भोवती मोकळी जागा ठेवून लावली, तर ती आजच्यापेक्षा जास्त ठळक दिसतील. हे करार करतानाच लिहून ठेवावे. अनेक आंतरराष्ट्रीय संघटनांचे आपले चिन्ह किती मोकळ्या जागेत आणि कोणत्या प्रमाणात छापायचे याचे नियम असतात. ताणलेले किंवा दाबलेले चिन्ह छापून आपण तेही मोडत असतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संशोधनाचे मोल निबंधात असते, दिसण्यात नसते. उलट आज बनावट परिषदांचा सुळसुळाट आहे आणि त्यांची संकेतस्थळे खऱ्या परिषदांपेक्षा चकचकीत असतात. मग देखणेपणाचा आग्रह संशयास्पद ठरत नाही का? हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यानेच माझे म्हणणे पक्के होते. नामांकित परिषदेशी मिळतेजुळते नाव, परदेशी शहराचे छायाचित्र आणि एक झगमगीत चिन्ह एवढे असले की बनावट संयोजकाचे काम भागते. तो जे देऊ शकत नाही ते म्हणजे स्पष्ट, तपासता येईल असा मजकूर: परिषद कितवी, यजमान संस्था कोणती, निबंध कोणी आणि कसे तपासले, आधीच्या वर्षांचे निबंध कुठे वाचायला मिळतील, शुल्क कशाचे. प्रामाणिक परिषदेने ही माहिती आपल्या ओळखीच्या केंद्रस्थानी, मोठ्या आणि वाचनीय अक्षरांत आणावी. चकाकीने फसवणूक होते हे खरे असेल, तर खऱ्या संस्थेने चकाकीत त्यांच्याशी स्पर्धा न करता, त्यांना जे लपवावे लागते ते उघड मांडावे.

आता तर चित्र तयार करणारी यंत्रे आली आहेत. चार ओळी लिहिल्या की माहितीपत्रक हजर. घाईत असलेल्या संयोजकाला त्यांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. पण ही यंत्रे आधीच्या असंख्य चित्रांवरून शिकलेली असतात. त्यांना ‘कृत्रिम बुद्धिमत्ता परिषद’ सांगितले की तोच निळा मेंदू परत येण्याची शक्यता सर्वाधिक. देवनागरी अक्षरे ती पुढेमागे बिनचूक काढू लागतील. तरीही कार्यक्रमपत्रिकेत आधी वेळ यावी की खोली, ओळखपत्रावर आडनाव मोठे असावे की पहिले नाव, पोस्टर सत्रात क्रमांक डोक्याच्या उंचीवर हवा की खाली, हे तिथे येणाऱ्या माणसांचा विचार करणाऱ्यालाच ठरवावे लागेल. त्या निर्णयांनंतर यंत्राची मदत घेतली तर माझी हरकत नाही.

शेवटचा प्रश्न सातत्याचा. संगणक आणि माणूस यांच्या परस्परसंबंधावरची ‘काय’ ही मोठी परिषद दरवर्षी नव्या शहरात जाते. २०१५ मध्ये ती सोलला होती, २०१८ मध्ये माँट्रियलला, २०१९ मध्ये ग्लासगोला. दर शहर आपले रंग-रूप आणते, तरी परिषदेचे नाव आणि निबंधांच्या पानांची रचना मूळ संघटनेकडे राहते, आणि तिचे जुने निबंध त्याच संघटनेच्या ग्रंथालयात सापडतात. आपल्या परिषदांत यजमान बदलला की सगळे नव्याने सुरू होते. गेल्या वर्षीच्या संकेतस्थळाचा पत्ता बंद पडलेला असतो, मूळ फायली एखाद्या विद्यार्थ्याच्या संगणकावर राहिलेल्या असतात आणि तो पदवी घेऊन निघून गेलेला असतो. पाच वर्षांनी एखाद्या संशोधकाला त्या परिषदेतला निबंध उद्धृत करायचा असेल तर त्याला मुखपृष्ठही मिळत नाही. म्हणून संयोजन समितीच्या पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात. संकेतस्थळाचा पत्ता यजमान महाविद्यालयाच्या नव्हे, मूळ संघटनेच्या नावावर असेल. टंक मुक्त परवान्याचे असतील, म्हणजे पुढच्या गावाला ते विकत घ्यावे लागणार नाहीत. आणि समारोपानंतर महिनाभरात ओळखपत्र, फलक, स्लाइड, कार्यक्रमपत्रिका आणि निबंधाचे पान यांचे दोन्ही लिप्यांतले साचे, रंगांच्या नोंदी आणि काय चालले, काय फसले याची टिपणे पुढच्या यजमानाकडे लेखी पोच घेऊन सोपवली जातील. हे काम ज्याच्याकडे द्यायचे त्याचे नाव त्याच बैठकीच्या इतिवृत्तात यावे, आणि त्याला मानधन किती हेही.